गाडी माझ्या गाळ्यात येण्याआधी तिचं वर्णन येऊ द्या

प्रति,
माननीय पोलीस आयुक्त, ठाणे शहर
माननीय पोलीस आयुक्त, नवी मुंबई

महोदय,

तुर्भे एमआयडीसीत माझं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. बावीस वर्षं झाली. ठोकलेली गाडी आत येते, पत्रा सरळ होतो, लांबी म्हणजे पुट्टी भरली जाते, प्रायमर, रंग, पॉलिश, आणि आठवड्याभरात ती काही घडलंच नाही अशी बाहेर पडते. तेच आमचं कसब. एकदा मात्र याच कसबाने एका माणसाच्या मृत्यूचा पुरावा पुसला गेला असावा. ते सांगण्यासाठी, आणि माणसाला उडवून पळालेल्या गाडीचं वर्णन पोलिसांनी आमच्यासारख्यांपर्यंत लगेच पोहोचवावं ही त्यातून सुचलेली मागणी करण्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

२०१९ चा जुलै होता. सोमवारी सकाळी शटर उघडलं तेव्हा एक पांढरी हॅचबॅक दारात उभी होती. डावा हेडलाइट फुटलेला, त्याचा कोपरा गायब. बंपर क्लिपांमधून निघालेला, डावं फेंडर आत गेलेलं, बोनेटला खोलगट पोचा. समोरच्या काचेवर डाव्या बाजूला, वरच्या कडेजवळ, कोळ्याच्या जाळ्यासारखा तडा. फेंडरवर एक निळा ओरखडा होता, वीतभर लांब. गाडी आणणारा म्हणाला, घोडबंदर रोडला मेट्रोच्या पत्र्याला घासली, पाऊस होता, दिसलं नाही. विमा क्लेम करायचा नाही, रोख देतो, गुरुवारपर्यंत द्या.

मी दिली. बुधवारी रात्री उशिरापर्यंत बसून दिली. निळा ओरखडा पॉलिशच्या कंपाउंडने घासला, मग पत्रा उघडा पाडून रंगवला. काच नवीन, हेडलाइट नवीन. जुना हेडलाइट आणि फुटकी काच शनिवारी भंगारवाला घेऊन गेला.

तीनेक आठवड्यांनी दोन पोलीस आले. गॅरेजमागून गॅरेज पालथं घालत होते बिचारे, अंगावरचे रेनकोट निथळत होते. मोबाइलवर एक धूसर चित्र होतं, पांढरी गाडी, नंबर वाचता येत नव्हता. दुसरा फोटो हेडलाइटच्या तुकड्याचा होता. कोपऱ्याचा तुकडा. तो पाहिला आणि माझ्या पोटात खड्डा पडला. विटाव्याजवळ पहाटे एका सायकलस्वाराला उडवून गाडी पसार झाली होती. दूध टाकायला निघाला होता तो. सायकलचा रंग मी विचारला. निळा.

मी त्यांना सगळं सांगितलं, गाडीचा नंबर दिला. त्यांनी ती गाडी शोधली, मालकालाही गाठलं. पण तुकडा जुळवून पाहायला जुना हेडलाइट नव्हता. सायकलचा रंग ज्या पत्र्यावर होता तो पत्रा मी घासून टाकला होता. गाडी हाती आली आणि हाती काहीच लागलं नाही. ती तीच गाडी होती का, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. तिच्या मालकाला गुन्हेगार म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण त्या सोमवारी सकाळी माझ्या मोबाइलवर चार ओळी आल्या असत्या, तर मी पाना उचलला नसता, फोन उचलला असता.

त्या चार ओळी मला मागायच्या आहेत. कोणी माणसाला उडवून पळाला की त्याच्या गाडीचं वर्णन पहिल्या तासाभरात गॅरेजवाले, काचवाले, स्पेअर पार्टचे दुकानदार, पेट्रोल पंप, रिक्षा स्टँड, बसचे चालक आणि सोसायट्यांचे वॉचमन यांच्यापर्यंत पोहोचलं पाहिजे. पोलिसांकडून, ठरलेल्या नमुन्यात आणि ठाणे-नवी मुंबईच्या हद्दीची आडकाठी न होता.

हद्दीचं मुद्दाम लिहितो. विटाव्याच्या रेल्वेपुलाखालून गाडी बाहेर पडली की ठाण्याची हद्द मागे पडते आणि दिघा लागतं, ती नवी मुंबई. तिथून ठाणे-बेलापूर रस्त्याने रबाळे, घणसोली, महापे करत पहाटेच्या वेळी तुर्भ्याला यायला अर्धा तासही लागत नाही. ऐरोलीचा पूल ओलांडला की मुलुंड, म्हणजे मुंबईचं, तिसरं आयुक्तालय. वाशीचा पूल ओलांडला की मानखुर्द. शिळफाट्यावरून मुंब्रा बायपास धरला की पुन्हा ठाणे. कळंबोलीवरून पुढे गेली तर एक्स्प्रेस वे, उरण फाट्यावरून वळली तर न्हावा-शेवा बंदर, नाहीतर अटल सेतूने थेट शिवडी. पळणाऱ्याला एका तासात तीन आयुक्तालयं ओलांडता येतात. आपल्याकडे नियंत्रण कक्षातून वायरलेसवर संदेश जातो, नाकाबंदी लागते, हे मला माहीत आहे. पण नाकाबंदी पळणारी गाडी पकडते. घरी जाऊन झाकण घालून ठेवलेली, दोन दिवसांनी हळूच गॅरेजमध्ये आणलेली गाडी नाकाबंदीत कशी सापडेल?

आणखी एक धागा अलीकडे सैल झाला आहे. १५ ऑक्टोबर २०२४ पासून वाशी, ऐरोली, आनंदनगर, मुलुंडचा एलबीएस मार्ग आणि दहिसर या पाच नाक्यांवर हलक्या वाहनांना टोलमाफी मिळाली. त्याआधी कार तिथे थांबायची, फास्टॅगमधून पैसे कापले जायचे, वेळेची नोंद राहायची. माफीने लोकांना दिलासा मिळाला, माझी तक्रार नाही. फक्त एवढंच, की आता कॅमेरे आणि माणसांचे डोळे यांवर जास्त भिस्त आहे, आणि माणसांच्या डोळ्यांना काय पाहायचं ते कोणी सांगत नाही.

घाई कशासाठी, असं कोणी विचारेल. गाडी आज ना उद्या सापडेलच. माझ्या धंद्यातलं उत्तर वर दिलं, पत्रा आणि काच चार दिवसांत बदलते. दुसरं उत्तर दारूचं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं तर गुन्हा. शरीर तासाला साधारण १५ मिलिग्रॅम या वेगाने ते बाहेर टाकतं. म्हणजे मर्यादेच्या चौपट, १२० मिलिग्रॅम घेऊन गाडी चालवणारा सहा तास कुठेतरी लपून बसला, झोपला, की तो कायद्याच्या मर्यादेत येतो. दुपारी वकील घेऊन हजर झाला की रक्ताचा अहवाल जवळपास स्वच्छ. जुलै २०२४ मध्ये वरळीत पहाटे मोटारीने एका महिलेला चिरडलं, आणि पळालेला आरोपी हाती लागायला दोन दिवस गेले, ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. अशा दोन दिवसांनंतर रक्तात काय शिल्लक राहणार?

तिसरं उत्तर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि ते फार कमी लोकांना माहीत आहे. मलाही त्या सायकलस्वारामुळे शोधाशोध केली तेव्हा कळलं. गाडी सापडलीच नाही तर मृताच्या कुटुंबाला केंद्राच्या हिट अँड रन योजनेतून २ लाख रुपये मिळतात, गंभीर जखमीला ५० हजार. ही रक्कम १ एप्रिल २०२२ पासूनची. त्याआधी मृत्यूला २५ हजार आणि गंभीर दुखापतीला साडेबारा हजार होते. म्हणजे २०१९ मध्ये एका दूधवाल्याच्या जिवाची किंमत २५ हजार होती. माझ्या गाळ्यात समोरची काच आणि हेडलाइट बदलून बोनेट रंगवलं तर बिल त्याच्याजवळ जातं. हे लिहितानाही लाज वाटते. आता गाडी सापडली तर चित्र बदलतं. चूक कुणाची हे सिद्ध न करताही मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली मृत्यूसाठी ५ लाख, आणि दावा न्यायाधिकरणात गेलं तर मृताचं वय, त्याची कमाई, त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं पाहून भरपाई ठरते, ती विमा कंपनीला द्यावी लागते. चाळिशीतल्या कमावत्या माणसाच्या बाबतीत ही रक्कम २ लाखांच्या कितीतरी पट होऊ शकते. गाडीचा शोध लागणं म्हणजे कोणाला तरी तुरुंगात पाठवणं एवढंच नसतं. त्यावर मुलींची शाळा चालते, भाडं भरलं जातं.

आणि ही काही क्वचित घडणारी गोष्ट नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात हिट अँड रनचे ६७,३८७ अपघात झाले आणि त्यांत ३०,४८६ माणसं मेली. दिवसाला ऐंशीहून जास्त. रस्त्यावर मेलेल्या दर पाच-सहा जणांमागे एक जण असा, ज्याला मारणारा थांबलाच नाही.

कायद्याने काय केलं? भारतीय न्याय संहितेत कलम १०६ च्या दुसऱ्या पोटकलमात पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा लिहिली. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत ट्रकचालकांनी त्याविरुद्ध संप केला. आपल्याकडे पेट्रोल पंपांवर लागलेल्या रांगा आठवत असतील. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवलं गेलं. त्या वादात मला पडायचं नाही. पण कलमात दहा वर्षं लिहिली काय किंवा वीस, जो सापडतच नाही त्याला कलमाची भीती कुठून वाटणार? शिक्षेची लांबी वाढवण्याआधी सापडण्याची शक्यता वाढवा, असं माझं म्हणणं आहे. ते आयुक्तांच्या अखत्यारीत आहे, त्याला संसद लागत नाही.

दुसरीकडे हे झालेलं आहे. अमेरिकेत डेन्व्हर शहरात जानेवारी २०११ मध्ये एका तरुणाला गाडीने उडवलं. तो पार्किंगवर काम करायचा. पाहणाऱ्या एका टॅक्सीवाल्याने त्या गाडीचा पाठलाग केला, नंबर टिपला, आणि त्यामुळे चालक सापडला. त्यातून कल्पना निघाली, की शहरभर फिरणाऱ्या टॅक्सीवाल्यांना आणि लोकांना पोलिसांनी लगेच वर्णन दिलं तर असे डोळे हजारोंनी मिळतील. २०१२ मध्ये डेन्व्हरमध्ये त्या तरुणाच्या आडनावावरून मेडिना अलर्ट सुरू झाला. कोलोरॅडो राज्याने २०१४ मध्ये त्याचा कायदा केला. कॅलिफोर्नियातही यलो अलर्ट नावाने अशी व्यवस्था आणली गेली. या दोन्हींत मला आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांच्या अटी. कोणी मेलं किंवा गंभीर जखमी झालं असेल तरच, आणि गाडीचा पूर्ण नंबर, किंवा अर्धा नंबर आणि सोबत कंपनी, मॉडेल, रंग असं काही ओळखू येण्यासारखं हाती असेल तरच इशारा द्यायचा. नुसती 'पांढरी गाडी' म्हणून शहराला जागं करायचं नाही.

ही अट आपल्याला त्यांच्यापेक्षा जास्त लागू आहे. आपल्या रस्त्यावर दर तिसरी गाडी पांढरी दिसते. पण पांढरी गाडी, डावा हेडलाइट फुटलेला, बंपर लोंबकळता, डाव्या आरशाचं कव्हर गेलेलं, एवढं म्हटलं की संपूर्ण शहरात त्या दिवशी अशा किती गाड्या असतील? घटनास्थळी पडलेल्या हेडलाइटच्या, ग्रिलच्या तुकड्यावर पुष्कळदा पार्ट नंबरचे आकडे असतात. नसले तरी जुना स्पेअर पार्टवाला तो तुकडा पाहून मॉडेल सांगतो, बरेचदा कोणत्या सालापासूनचं ते पण सांगतो. कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल न्यायालयासाठी हवाच, पण पहिल्या तासात तपासाची दिशा ठरवायला आमच्यातला एखादा माणूस तुकड्याच्या फोटोवरून पुरेसा आहे. आम्हाला विचारा. रात्री तीनला फोन केला तरी सांगू.

तसंच नुकसानीचं वाचन. कुत्रं आडवं आलं, हे आमच्याकडे सगळ्यात जास्त ऐकू येणारं कारण. खरंही असतं बऱ्याचदा. पण कुत्रं बंपरच्या उंचीचं असतं. त्याने बंपर फुटतो, ग्रिल जातं, कधी रेडिएटर जातो. समोरच्या काचेच्या वरच्या कडेला आतल्या बाजूला दबलेला गोल तडा कुत्र्याने पडत नाही. बोनेटवर पसरट पोचा आणि काचेवर तसा तडा एका रेषेत दिसला की अनुभवी डेंटरला कळतं. मलाही २०१९ मध्ये कळायला हवं होतं. मी त्या तड्याकडे पाहिलं होतं आणि मनात आलेला प्रश्न विचारला नव्हता. गिऱ्हाईक घाईत होतं, रोख होती, आणि माझ्या समोर कोणाचाही, कसलाही इशारा नव्हता. इशारा नसला की माणूस स्वतःची समजूत घालायला मोकळा असतो.

आमच्या धंद्यात जाणूनबुजून अशी कामं घेणारेही आहेत, हे लपवत नाही. रात्री शटर अर्धं पाडून, दीडपट पैसे घेऊन. भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली पुरावा नष्ट करणं गुन्हा आहे. पण 'मला माहीत नव्हतं' हे आज कोणीही म्हणू शकतो, आणि ते खोटं पाडता येत नाही. इशारा प्रत्येक नोंदणी झालेल्या गॅरेजच्या फोनवर पोहोचला असेल, तर तो बहाणा उरणार नाही. चांगल्याला वेळेवर कळेल आणि वाईटाची पळवाट बंद होईल, दोन्ही एकाच संदेशाने.

संदेश कसा असावा, याचा एक नमुना लिहून पाहिला. ठिकाण आणि वर्णन २०१९ च्या त्या घटनेवरून घेतलं आहे, बाकी काल्पनिक आहे:

"ठाणे-नवी मुंबई पोलीस. आज पहाटे ४.५० वाजता विटावा येथे सायकलस्वाराला धडक देऊन वाहन दिघ्याच्या दिशेने पळाले. पांढरी हॅचबॅक. डावा हेडलाइट व बंपर फुटलेला, समोरच्या काचेला डावीकडे तडा, फेंडरवर निळा रंग लागलेला असण्याची शक्यता. अशी गाडी दिसल्यास किंवा दुरुस्तीस आल्यास ११२ वर कळवा. गाडी अडवू नका, पाठलाग करू नका, फोटो पुढे पाठवू नका. हा इशारा ७२ तासांनी संपेल."

शेवटच्या दोन वाक्यांवर मी खूप विचार केला आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. मोबाइलवर फिरणाऱ्या अफवा त्याच्या मुळाशी होत्या. ही आपल्याच राज्यातली गोष्ट आहे, म्हणून इशारा माणसाचा नसावा, गाडीचा असावा. मालकाचं नाव नको, फोटो नको, पत्ता नको. पूर्ण नंबर मिळाला असेल तर पोलिसांनी तो 'वाहन' या सरकारी नोंदणी प्रणालीत टाकून आधी स्वतः खात्री करावी, कारण दुसऱ्याचा नंबर लावून फिरणाऱ्या गाड्याही सापडतात, आणि कल्याणच्या एखाद्या शिक्षकाच्या दारात रात्री दोनशे माणसं जमणं हा त्या दूधवाल्याला न्याय नव्हे. गाडी सापडली की इशारा मागे घेतल्याचा संदेशही ज्यांना पहिला गेला त्या सगळ्यांना, तितक्याच ठळकपणे जावा. हे पाळता येत नसेल तर इशारा सुरूच करू नये, असं मी स्पष्ट म्हणेन.

याच कारणासाठी सगळ्यांच्या मोबाइलवर तो जोराचा बीप मी मागत नाही. २०२३ मध्ये दूरसंचार विभागाने चाचणीचे संदेश पाठवले होते, तेव्हा सगळ्यांचे फोन एकदम कर्कश वाजले, लोक दचकले. ती सोय आहे, आणि पावसाचे इशारे आपल्याला मोबाइलवर येतातच. पण आठवड्याला दोनदा फोन तसा किंचाळला तर लोक तो बंद करतील आणि खरा पूर आला तेव्हा ऐकू येणार नाही. मृत्यू झाला आहे, पूर्ण नंबर पक्का आहे आणि गाडी अजून रस्त्यावर आहे, एवढ्या तिन्ही गोष्टी असतील तेव्हाच तो मार्ग वापरावा. एरवी कामाच्या माणसांना पाठवलेला साधा संदेश पुरे. एनएमएमटी आणि टीएमटीच्या बस आगारात फळ्यावर लिहिला, पंपावरच्या पोराने वाचला, एपीएमसीच्या गेटवर टेम्पोवाल्यांना सांगितला, काचवाल्याने गल्ल्यापाशी चिकटवला, की झालं. पळालेल्या गाडीला आज ना उद्या पेट्रोल लागतं, काच लागते, पार्किंग लागतं.

चालकाची बाजूही मांडतो, कारण माझी अर्धी गिऱ्हाइकं चालक आहेत. थांबलो तर जमाव मारेल, ही भीती खोटी नाही. पण कायद्याने ती ध्यानात घेतली आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ म्हणतं की जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्या, आणि जमावाच्या रागामुळे ते शक्य नसेल तेवढा अपवाद त्यातच आहे. जवळच्या पोलीस ठाण्यात मात्र शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा चोवीस तासांत कळवायचं. म्हणून इशाऱ्याच्या नियमात हेही असावं, की ज्या चालकाने स्वतः ११२ ला फोन करून जागा आणि गाडीचा नंबर सांगितला, त्याच्या गाडीचा इशारा निघणार नाही. रिक्षा स्टँडवर, ट्रक टर्मिनलवर ही एवढी ओळ लावली तरी, मला वाटतं, काही जण पळण्याआधी फोन करतील.

आता आमची अडचण. माझ्या ओळखीच्या दहा गॅरेजवाल्यांना मी विचारलं, संशय आला तर कळवशील का? सात जण म्हणाले, नाही. कारणं सारखीच. गाडी जप्त होईल, पण पंचनामा होईपर्यंत माझ्याच गाळ्यात अडकून पडेल, आणि गाळ्यात जागा तीनच गाड्यांची. पोलीस ठाण्यात जबाबाला चार वेळा बोलावतील. मग कोर्टाच्या तारखा. आणि गिऱ्हाइकाला कळलं की यानेच सांगितलं, तर पुढचा धंदा बसला. जखमीला मदत करणाऱ्याला त्याच कायद्याच्या कलम १३४-अ ने संरक्षण दिलं, सुवर्ण तासात, म्हणजे अपघातानंतरच्या पहिल्या तासात रुग्णालयात नेणाऱ्याला केंद्र सरकार आता २५ हजार रुपये देतं, चांगलं आहे. पण गाडी ओळखून कळवणारा त्या कलमात बसत नाही. लॉस एंजेलिस शहर तर जीवघेण्या प्रकरणात माहिती देणाऱ्याला ५० हजार डॉलरपर्यंत बक्षीस ठेवतं. आम्हाला बक्षीस नको. एक लेखी आदेश हवा, की कळवणाऱ्याचं नाव तो स्वतः हो म्हणेपर्यंत कागदावर येणार नाही, जबाब एकदाच आणि त्याच्या जागेवर घेतला जाईल, आणि गाडी चोवीस तासांत उचलली जाईल. एवढा आदेश निघाला तर त्या सातांपैकी पाच जण फोन करतील. मी त्यांना ओळखतो.

एक शेवटची गोष्ट, या इशाऱ्याशी जोडलेली. १२ जानेवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे, की महिन्याभरात गाडीचा शोध लागला नाही तर पोलिसांनी कुटुंबाला भरपाईच्या योजनेची माहिती लेखी द्यावी. ज्या दिवशी इशाऱ्याची मुदत संपेल त्याच दिवशी कुटुंबाच्या हाती हा कागद आणि अर्जाचा नमुना पडावा. शोध थांबवा असं नाही. पण गाडी सापडेपर्यंत त्या घरात चूल पेटायला हवी, आणि कुठल्या दारात अर्ज करायचा हे त्यांना शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून कळण्याची वेळ येऊ नये.

आम्ही वाट पाहत बसलेलो नाही. आमच्या आणि शेजारच्या दोन गल्ल्यांतल्या गॅरेजवाल्यांनी मिळून एक पद्धत सुरू केली आहे. समोरून ठोकलेली प्रत्येक गाडी आली की हात लावण्याआधी चारही बाजूंनी फोटो, नंबर, तारीख, वेळ आणि गिऱ्हाइकाने सांगितलेलं कारण वहीत. काढलेला हेडलाइट, बंपर आणि आरसा पंधरा दिवस भंगारात द्यायचा नाही, चिठ्ठी लावून मागच्या खोलीत ठेवायचा. पहिल्या महिन्यात दोघे कंटाळले, बाकीचे टिकले. जागा अडते, भंगारवाला कुरकुरतो, पण चाललंय.

या वह्यांचा उपयोग तुमच्याकडून चार ओळी आल्या तरच आहे. तोवर त्या नुसत्या वह्या आहेत. आपल्या दोन्ही आयुक्तालयांतून एकेक अधिकारी पाठवा, एकाच दिवशी, एकत्र. माझा गाळा सकाळी साडेनऊला उघडतो. वह्या दाखवतो, मागची खोली दाखवतो, काचेवरचा कुत्र्याचा आणि माणसाचा तडा कसा वेगळा असतो तेही जुन्या काचांवर दाखवतो. त्यासाठी अशा दोन काचा मी भंगारात न देता ठेवल्या आहेत.

आपला,
तुर्भे एमआयडीसीतला एक डेंटर-पेंटर